पेनड्राइव्हमधील अदत्तादान

पर्युषण पर्व महिन्यावर आले की गावोगावच्या जैन संघांत एकच लगबग सुरू होते. प्रवचनमालेची पत्रिका, तपस्वींच्या अभिनंदनाचे फलक, स्वामीवात्सल्याचे निमंत्रण, क्षमापनेची कार्डे अशा कितीतरी गोष्टी वेळेत छापून व्हायच्या असतात. मजकुराचा कागद घेऊन एखादा कार्यकर्ता बाजारपेठेतील डीटीपीच्या किंवा फोटो स्टुडिओच्या दुकानात जातो. दुकानातील तरुण खणातून पेनड्राइव्ह काढतो, संगणकाला जोडतो, एका चिन्हावर दोनदा क्लिक करतो आणि क्षणात फोटोशॉप उघडते. काही इन्स्टॉल करावे लागत नाही, अनुक्रमांक विचारला जात नाही आणि त्यासाठी कोणी कधी एक रुपयाही मोजलेला नसतो. भगवंतांच्या प्रतिमेमागची पार्श्वभूमी पुसली जाते, प्रभावळ उजळते आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरांत अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच नावे बसवली जातात. तिसरे नाव बसवताना कोणाचाही हात अडखळत नाही.

हे दृश्य कोणा एका गावाचे किंवा एका समाजाचे नाही. छायाचित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरची अनधिकृत ‘पोर्टेबल’ आवृत्ती ही लहान दुकानांत, महाविद्यालयीन मुलांच्या लॅपटॉपवर आणि संस्थांच्या कार्यालयांत इतकी सरावाची झाली आहे की तिला चोरी म्हटले तर ऐकणाऱ्याला हसू येते. ज्या घरांत मुलांना अणुव्रते पाठ करून घेतली जातात, त्या घरांत तरी हा विषय हसण्यावारी जाऊ नये.

‘पोर्टेबल’ म्हणजे नेमके काय?

‘पोर्टेबल’ या शब्दात स्वतः काही दोष नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. एखादे सॉफ्टवेअर विंडोज संगणकावर रीतसर इन्स्टॉल केले की त्याच्या फाइल्स ठरावीक फोल्डरमध्ये जातात, संगणकाच्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत त्याच्या नोंदी होतात आणि परवान्याची माहितीही तेथेच कोठेतरी साठवली जाते. पोर्टेबल सॉफ्टवेअर आपला सगळा संसार एकाच फोल्डरमध्ये घेऊन फिरते. पेनड्राइव्ह लावला की ते सुरू होते आणि काढला की यजमान संगणकावर त्याचा फारसा मागमूस राहत नाही. ज्याला दोन-तीन ठिकाणी काम करावे लागते, ज्याचा स्वतःचा संगणक नाही किंवा ज्याला कार्यालयातील संगणकावर काही इन्स्टॉल करण्याची मुभा नाही, अशा माणसासाठी ही मोठी सोय आहे. फायरफॉक्स या ब्राउझरची पोर्टेबल आवृत्ती २००४ मध्ये आली आणि पुढे मुक्त परवान्याच्या अनेक कार्यक्रमांच्या अशा आवृत्त्या उघडपणे व कायदेशीरपणे उपलब्ध झाल्या.

फोटोशॉपची गोष्ट वेगळी आहे. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने त्याची पोर्टेबल आवृत्ती कधीही काढलेली नाही. पेनड्राइव्हवर फिरते ती प्रत कोणा अनामिकाने तयार केलेली असते. तो मूळ सॉफ्टवेअर इन्स्टॉल करतो, परवाना तपासणारा भाग निकामी करतो, आकार लहान व्हावा म्हणून काही भाग काढून टाकतो आणि उरलेले सगळे एका आभासी वेष्टनात गुंडाळतो. असे वेष्टन बनवण्याची साधने मुळात मोठ्या कंपन्यांच्या सोयीसाठी निर्माण झाली होती. व्हीएमवेअर कंपनीचे थिनॲप हे त्यांपैकी एक. चाकू स्वयंपाकघरातलाच असतो, तो कोणाच्या हातात जातो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वस्तू कोणाची?

फोटोशॉपचा जन्म एका घरातल्या छंदातून झाला. अमेरिकेतील थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात छायाचित्रे धुण्याची अंधारखोली केली होती आणि तेथेच दोघांना छायाचित्रणाची गोडी लागली. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संशोधन करत असलेल्या थॉमसने मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखवणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला. चित्रपटांतील विशेष दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्या जॉनला त्यात मोठी शक्यता दिसली. दोघांनी मिळून तो वाढवला, १९८८ मध्ये अडोबीशी करार झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. त्यानंतरच्या साडेतीन दशकांत असंख्य अभियंत्यांचे श्रम त्यात ओतले गेले आहेत.

ही वस्तू महाग होती, हेही तितकेच खरे. २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीची अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती. त्या वेळच्या विनिमय दराने ती जवळपास अडतीस हजार रुपये भरते. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम करून पोट भरणाऱ्या तालुक्याच्या दुकानदाराला संगणकापेक्षा त्यातील एक सॉफ्टवेअर महाग पडावे, ही अवस्था चोरट्या प्रतीला खतपाणी घालणारीच होती. २००३ मध्ये कंपनीने विंडोजसाठीची प्रत इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवरून कार्यान्वित करून घेण्याची अट घातली, तेव्हा तिला वळसा घालणारे मार्गही लगोलग निघाले. २०१३ पासून नव्या आवृत्त्यांची कायमस्वरूपी विक्री थांबवून मासिक वा वार्षिक वर्गणीची पद्धत आली. एकदम मोठी रक्कम भरण्याची गरज संपली, पण दर महिन्याला पैसे भरत राहण्याची नवी सल सुरू झाली. ‘घर विकत घेता येत नाही, भाडेच भरत राहा’ ही दुकानदारांची तक्रार समजण्यासारखी आहे.

त्याच वर्षी घडलेला एक प्रसंग मनुष्यस्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. सीएस २ या जुन्या आवृत्तीच्या प्रती कार्यान्वित करणारे सर्व्हर कंपनीने बंद केले. ज्यांनी ती आवृत्ती पूर्वी विकत घेतली होती त्यांची अडचण होऊ नये, म्हणून ज्यांना इंटरनेटवरून कार्यान्वित करावे लागणार नाही अशा प्रती अनुक्रमांकांसह संकेतस्थळावर ठेवल्या. काही तासांत ‘फोटोशॉप फुकट झाले’ अशी बातमी जगभर पसरली आणि ज्यांनी कधी एक पैसाही दिला नव्हता ते लोकही प्रती उतरवून घेऊ लागले. ही सवलत केवळ जुन्या ग्राहकांसाठी आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. दार उघडे दिसले की आतली वस्तू आपल्यासाठीच ठेवली आहे असे वाटू लागते. त्याच क्षणी तिसऱ्या व्रताची कसोटी लागते.

पाच अतिचार आणि एक पेनड्राइव्ह

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताला दिगंबर परंपरेत अचौर्याणुव्रत म्हणतात, तर श्वेतांबर परंपरेत स्थूल अदत्तादान विरमण व्रत. अदत्त म्हणजे न दिलेले. आदान म्हणजे घेणे. न दिलेली वस्तू घेणे ही चोरीची इतकी नेमकी व्याख्या आहे की तिच्यात वस्तूच्या किमतीचा, मालकाच्या श्रीमंतीचा किंवा त्याच्या नुकसानीचा उल्लेखच येत नाही. ‘प्रत काढल्याने मूळ मालकाकडची वस्तू कमी होत नाही’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो. व्याख्या मात्र मालकाकडे काय उरले हे विचारत नाही, घेणाऱ्याला ते दिले होते का, एवढेच विचारते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि श्रावक प्रतिक्रमणात त्यांची आलोचना केली जाते. व्यापारी समाजाला समोर ठेवून सांगितलेले हे दोष आजच्या दुकानातील संगणकाला इतके चपखल लागू पडतात की वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे.

पहिला अतिचार स्तेनप्रयोग, म्हणजे चोरी करणाऱ्याला प्रेरणा किंवा साहाय्य देणे. स्वतः कुलूप न तोडता ‘तुझ्याकडे असेल तर मलाही दे’ असे म्हणणे, गटावर डाउनलोडचा दुवा पुढे पाठवणे, ‘एवढ्याशा कामाला इतके पैसे? अमक्याकडे निम्म्यात होते’ असे म्हणून दुकानदाराला फुकटाच्या मार्गाकडे ढकलणे, हे सगळे यात येते. या शेवटच्या प्रकारात ग्राहकही वाटेकरी ठरतो, आणि तो ग्राहक पुष्कळदा संघच असतो.

दुसरा अतिचार तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे. सोनार चोरीचे दागिने घेतो तेव्हा ‘मी कोठे चोरी केली?’ हा त्याचा बचाव टिकत नाही. मित्राच्या पेनड्राइव्हवरून प्रत उतरवून घेणाऱ्यालाही तोच न्याय लागू होतो.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम. राज्याने घातलेले निर्बंध मोडून व्यवहार करणे, असा त्याचा आशय सांगितला जातो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संगणक कार्यक्रमाला साहित्यकृतीचाच दर्जा आहे. त्याच्या कलम ६३ ब नुसार चोरट्या प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. दुकानदाराला ही सूट मिळणे कठीण, कारण त्याचा वापर धंद्यासाठीच असतो. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने ६५ अ हे स्वतंत्र कलम आले असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. फोटो स्टुडिओचा व्यावसायिक आपल्या छायाचित्रांवर आडवा वॉटरमार्क टाकतो, जेणेकरून ग्राहकाने नमुना पाहून फुकट प्रत काढू नये. ज्या सॉफ्टवेअरने तो हा वॉटरमार्क टाकतो त्याच्या निर्मात्याला मात्र त्याने काहीच दिलेले नसते. स्वतःच्या श्रमाला एक तराजू आणि दुसऱ्याच्या श्रमाला दुसरा, हा खोट्या मापाचाच प्रकार आहे. परवाना विकत घेऊन प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या शेजारच्या दुकानदारावर यात दुहेरी अन्याय होतो, कारण त्याचा खर्च जास्त असतो आणि स्पर्धा मात्र फुकटाशी करावी लागते.

पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल भासणाऱ्या नकली वस्तूचा व्यवहार. पेनड्राइव्हवरील प्रतीचे चिन्ह फोटोशॉपचे, नाव फोटोशॉपचे, पडदाही तसाच. पण तिच्या आत काय काढले आणि काय घातले, हे ती बनवणाऱ्यालाच माहीत. तुपात चरबी मिसळण्याचा जो दोष, तोच हा.

‘कंपनी परदेशी आहे, अब्जावधी कमावते, तिला आमच्या एका प्रतीने काय फरक पडतो?’ हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. आपल्याच मातीतले उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. मराठी अक्षरजुळणीची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबती झालेली श्री-लिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची निर्मिती. ज्या हाताला परदेशी सॉफ्टवेअर फुकट घेण्याची सवय लागते, तो हात पुण्यातील फॉन्टकाराचे काम घेताना थांबत नाही. सवयीला देशाची सीमा कळत नाही.

शास्त्रदान आणि प्रतिलिपी

येथे एक विचारी वाचक हरकत घेईल. जैन परंपरा तर ग्रंथांच्या प्रती काढण्यावरच उभी आहे. मूडबिद्री, जैसलमेर, पाटण, विदर्भातील कारंजा येथील ग्रंथभांडारे लिपिकारांच्या श्रमांनी भरली. शास्त्र लिहवून घेऊन ते मुनींना, मंदिरांना अर्पण करणे हे शास्त्रदान मानले गेले. मग ज्ञानाची प्रत काढणे एका ठिकाणी पुण्य आणि दुसऱ्या ठिकाणी पाप कसे?

उत्तर व्रताच्या नावातच आहे. जिनवाणी सर्व जीवांच्या कल्याणासाठी दिलेली आहे. आचार्यांनी ग्रंथ रचले ते वाचले जावेत, उतरवले जावेत, पसरावेत यासाठी. लिपिकार शास्त्राची प्रत काढतो तेव्हा तो दिलेलीच वस्तू पुढे देत असतो. फोटोशॉपच्या निर्मात्याने मात्र ‘एवढे मूल्य दिल्यास वापरा’ असे स्पष्ट सांगितलेले आहे. दोन्हीकडे कृती एकच, प्रत काढण्याची. फरक आहे तो संमतीचा.

याच कसोटीवर एक आनंदाची गोष्टही उमगते. संगणकाच्या जगातही शास्त्रदानाची परंपरा आहे आणि ती पुष्कळ समृद्ध आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प हा चित्रे सुधारण्याचा कार्यक्रम लिहायला सुरुवात केली आणि तो सर्वांसाठी खुला केला. पुढे जगभरातील स्वयंसेवकांनी तो वाढवला. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. ज्या परवान्याखाली तो दिला जातो त्यात वापरण्याची, प्रत काढण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची स्पष्ट परवानगी आहे. दात्याची मुख्य अट एवढीच की पुढे देणाऱ्यानेही घेणाऱ्याला तेच स्वातंत्र्य द्यावे. ज्यांना पेनड्राइव्हवरूनच काम करायचे आहे त्यांच्यासाठी गिम्पची कायदेशीर पोर्टेबल आवृत्तीही उपलब्ध आहे.

म्हणजे प्रश्न महाग की फुकट, असा नाहीच. गिम्पही फुकट आणि पेनड्राइव्हवरचे फोटोशॉपही फुकट. पहिले दत्त, दुसरे अदत्त. अचौर्य व्रत माणसाला गरिबीची शिक्षा देत नाही. दिलेल्या वस्तूंचा केवढा मोठा साठा समोर खुला आहे, तिकडे ते बोट दाखवते.

फुकटाची किंमत

व्रताचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचाच ठरतो. चोरट्या प्रतीसोबत पुष्कळदा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते. पाहुणा घरात शिरण्यापूर्वी कुत्रा बांधून ठेवायला सांगत असेल, तर यजमानाने सावध व्हायला नको का? जानेवारी २००९ मध्ये मॅक संगणकांसाठीच्या फोटोशॉप सीएस ४ च्या चोरट्या प्रतींसोबत एक ट्रोजन पसरत असल्याचे सुरक्षा-तज्ज्ञांनी उघड केले. मूळ सॉफ्टवेअर निर्धोक होते; विष होते ते परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या छोट्याशा कार्यक्रमात. तो चालवताना संगणकाच्या मालकाचा पासवर्ड विचारला जाई आणि मालक तो स्वतःच्या हाताने टाकून देई.

त्यानंतरची संकटे याहून भीषण आहेत. ‘स्टॉप-डेजाव्हू’ नावाचा खंडणीखोर विषाणू मुख्यतः अशा फुकट सॉफ्टवेअरच्या आडूनच पसरला. तो संगणकातील छायाचित्रे व कागदपत्रे कुलूपबंद करतो आणि ९८० डॉलर मागतो; ७२ तासांत पैसे दिल्यास निम्म्या रकमेची ‘सवलत’ देतो. फोटो स्टुडिओच्या संगणकावर काय असते? वर्षानुवर्षांच्या लग्नांची, दीक्षा-महोत्सवांची, पंचकल्याणक प्रतिष्ठांची छायाचित्रे. आता हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचा शेवटचा चांगला फोटोही तेथेच असतो. ती संपत्ती दुकानदाराची नसते, गावाची असते.

दुसऱ्या प्रकारचे विषाणू काहीच कुलूपबंद करत नाहीत. ‘रेडलाइन’सारखे कार्यक्रम गुपचूप ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कार्डांचे तपशील गोळा करून बाहेर पाठवतात. डीटीपीच्या दुकानात लोक आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले स्कॅन करायला आणतात. दुकानदाराने वाचवलेल्या काही हजार रुपयांची किंमत अशा वेळी त्याच्यावर विश्वास टाकणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा विधवा भगिनी चुकवते. ज्याला आपण केवळ अचौर्याचा प्रश्न समजत होतो, तो येथे अहिंसेचाही प्रश्न होतो. अशी फसवणूक घडल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर कळवावे आणि बँकेलाही लगेच सूचना द्यावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीलाच पैसे अडवले जाण्याची अधिक आशा असते.

कामाच्या दर्जाचाही प्रश्न आहे. आकार लहान करताना काढून टाकलेल्या भागांत कित्येकदा रंगांची प्रोफाइल्स आणि फॉन्ट असतात. पडद्यावरचे केशरी छापखान्यात विटकरी होते आणि दोष छपाईवाल्याला दिला जातो. पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडमधील मराठी नीट बसत नाही. वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाते आणि जोडाक्षरे सुटी होतात. ‘क्षमापना’ हा शब्द मोडका छापला गेला तर त्याची क्षमा कोणाकडे मागायची?

शेवटी हिशेबाची वही. विकत घेतलेल्या परवान्याचे बिल असते, ते खर्चात दाखवता येते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर आयकरात संगणकाप्रमाणेच ४० टक्के दराने घसारा मिळतो, वर्गणी असेल तर ती धंद्याचा खर्च म्हणून वजा होते आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळू शकते. चोरट्या प्रतीची नोंद कीर्दीत कोणत्या खात्यावर करायची? ज्या साधनावर सारे उत्पन्न उभे आहे, ते साधनच ताळेबंदात दाखवता येत नाही. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्‌गृहस्थाच्या पस्तीस गुणांमध्ये न्यायसंपन्न वैभवाला पहिले स्थान दिले आहे. वहीत उघडपणे लिहिता येईल अशीच मिळकत, असा त्याचा साधा व्यावहारिक अर्थ सांगता येईल.

करता येण्यासारखे

उपाय एका दिवसात होणारा नाही, पण अवघडही नाही. दुकानदाराने आधी आपल्या कामांची विभागणी करावी. पासपोर्ट फोटो, पार्श्वभूमी बदलणे, जुना फोटो उजळणे, शुभेच्छा कार्डे ही कामे गिम्पमध्ये उत्तम होतात. ब्राउझरमध्येच चालणारे फोटोपी फोटोशॉपच्या फाइल्स उघडू शकते आणि त्याचा पडदाही ओळखीचा वाटतो. अक्षरांकन व बोधचिन्हांसाठी इंकस्केप, पुस्तिका व मासिकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस, आणि छपाईसाठी लागणाऱ्या चार रंगांच्या पद्धतीत काम करायचे तर क्रिता, अशी मुक्त परवान्याची साधने आहेत. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे देखणे फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात आणि व्यवसायातही वापरता येतात.

या साधनांच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. गिम्पचे मुख्य काम पडद्याच्या तीन रंगांच्या पद्धतीत चालते; गुंतागुंतीच्या फोटोशॉप फाइल्स त्यात जशाच्या तशा उघडतीलच असे नाही; हात बसायला काही आठवडे जातात. ज्याचा धंदा खरोखरच फोटोशॉपवाचून अडतो, त्याने वर्गणी भरावी आणि ती दरात धरावी. समजा, महिन्याचे शुल्क दोन हजार रुपये आहे आणि महिन्याला चाळीस कामे होतात. प्रत्येक कामावर पन्नास रुपये पडतात. लग्नाच्या अल्बमच्या बिलात पन्नास रुपये कोणाला जड होणार? विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे दर असतात, त्यांची चौकशी पालकांनी जरूर करावी.

संघांची आणि संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. कार्यालयातील प्रत्येक संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा परवाना कोठे आहे, याची यादी वर्षातून एकदा करून ती हिशेबतपासनिसासमोर ठेवावी. पत्रिकेचे काम देताना केवळ सर्वांत स्वस्त दर न पाहता, काम परवानाधारक किंवा मुक्त सॉफ्टवेअरवर होईल का, हे विचारावे आणि त्यासाठी थोडे जास्त द्यावे लागले तर आनंदाने द्यावे. पाठशाळेच्या सुट्टीच्या शिबिरात एक दिवस गिम्पच्या प्रशिक्षणाला दिला, तर मुलांना कौशल्यही मिळेल आणि अचौर्याचा पाठ पुस्तकातून संगणकावर उतरेल. मुले वडीलधाऱ्यांचे बोलणे विसरतात. त्यांचे वागणे मात्र वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. ‘कॉपी करू नको’ असे परीक्षेच्या वेळी सांगणाऱ्या वडिलांनी संध्याकाळी मित्राकडून पेनड्राइव्ह आणला, तर त्या घरात कोणता पाठ शिकला जातो, हे सांगायला नको.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आठवले जातात. डोळे मिटून, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले जाते. खोटी मापे, चोरीचा माल, भेसळ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आले आहेत. हे दोष जुन्या पेढ्यांचे आणि तराजूंचे, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे वाटून मन पुढच्या व्रताकडे सरकते. यंदा त्या ठिकाणी क्षणभर थांबता आले, तर टेबलाच्या खणातील तो बोटभर लांबीचा पेनड्राइव्ह आठवेल. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे. त्या पेनड्राइव्हवरचा एक फोल्डर पुसून टाकणे, हे मागे फिरण्याचे अगदी लहान पण खरे पाऊल ठरेल. मग पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर पाच व्रतांची नावे बसवताना तिसरे नाव नि:संकोचपणे ठळक करता येईल.